पहाटे साडेचारची लाइनअप: फँटसी बास्केटबॉलच्या एका सेमीफायनलचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच लीगमधलं आहे. माणसांची नावं दिलेली नाहीत. त्या आठवड्यात एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, खेळलेल्या खेळाडूंचीही मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण नाव आलं की वाचणारा त्या खेळाडूबद्दल बोलायला लागतो आणि निर्णयाचं बोलणं बाजूला राहतं.

पार्श्वभूमी

आमचा गट दहा जणांचा. सगळे कधी ना कधी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर बास्केटबॉल खेळलेले. आता कोणी शाळेत पीटी शिकवतो, कोणाचं कृषी केंद्र आहे, दोघं नागपूरला नोकरीत, बाकीचे शेतीत. मैदान सुटलं, पण खेळ सुटला नाही. म्हणून दर हिवाळ्यात एनबीएची फँटसी लीग खेळतो: ॲपवर खऱ्या खेळाडूंतून प्रत्येकानं आपला संघ निवडायचा आणि खऱ्या सामन्यांतले त्यांचे आकडे आपल्या खात्यात धरायचे. पैसा लावत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा येऊन पैशांचे खेळ बंद झाले, तेव्हा आमच्या गटात काहीच बदललं नाही. जो दहावा येतो तो सगळ्यांना वावरात रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊ घालतो, एवढंच. लीगचा कारभार माझ्याकडे आहे.

ज्याचं हे प्रकरण, त्याला इथे ‘धाकटा’ म्हणतो. दोघा भावांत तो धाकटा, मोर्शी तालुक्यात संत्र्याची बाग, घरी थोरला भाऊ, वहिनी आणि दहावीतली पुतणी. त्याच्यासमोर होता ‘मास्तर’, आमच्यातला सगळ्यात शांत डोक्याचा खेळाडू.

लीग नऊ रकान्यांची आहे: फील्ड गोलची (चालू खेळातल्या फेकींची) टक्केवारी, फ्री थ्रोची (फाऊलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकींची) टक्केवारी, थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन पॉइंटचे बास्केट), पॉइंट, रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं), असिस्ट (बास्केट करून देणारा पास), स्टील (चेंडू हिसकावणं), ब्लॉक (समोरच्याची फेक अडवणं) आणि टर्नओव्हर (चेंडू गमावणं; इथे आकडा कमी तो पुढे). दर आठवड्याला एकास एक सामना, सोमवार ते रविवार, अमेरिकेच्या तारखेनं. नऊपैकी जास्त रकाने ज्याचे, तो जिंकला. बाद फेरीत बरोबरी झाली तर साखळीत वर असलेला पुढे जातो. धाकटा साखळीत दुसरा होता, मास्तर तिसरा.

रोज दहा खेळाडू उतरवायचे, हीच लाइनअप, आणि तिघं बेंचवर. ज्या खेळाडूचा सामना ज्या क्षणी सुरू होतो, त्या क्षणी तो कुलूपबंद. उतरवलेला असेल तर त्याचे आकडे मिळतात, बेंचवर असेल तर त्यानं पन्नास पॉइंट केले तरी तुम्हाला शून्य.

अडचण

१० ते १६ मार्च २०२५ हा सेमीफायनलचा आठवडा. आदल्या आठवड्यात धाकट्याला बाय (न खेळता पुढची फेरी) मिळाला होता, म्हणून त्यानं ॲप उघडलंच नव्हतं. आणि नेमकं त्याच रविवारी, ९ मार्चला, अमेरिकेनं घड्याळ एक तास पुढे केलं.

नोव्हेंबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. घड्याळ बदललं की तोच सामना साडेचारला. धाकट्याचा चार महिन्यांचा रिवाज ठरलेला होता: रात्री जेवण झाल्यावर लाइनअप लावायची, ५:१० ला गजर, एक नजर टाकायची, कोणी बाहेर असेल तर बदलायचा. ही वेळ त्यानं विचार करून ठरवली होती. संघांना सामन्याच्या अर्धा तास आधी पहिले पाच कोण ते सांगावं लागतं, म्हणजे ५:१० ला सगळं माहीत असतं आणि हाताशी वीस मिनिटं उरतात.

मंगळवार, ११ मार्च. तो ५:१० ला उठला, ॲप उघडलं आणि सगळं कुलूपबंद. उतरवलेला एक फॉरवर्ड चारच्या सुमारास बाहेर झाला होता. त्याच्या जागी येऊ शकणारा बेंचवरचा फॉरवर्ड तिकडे खेळत होता: त्या दिवशी त्यानं २ ब्लॉक आणि ९ रिबाउंड केले, फ्री थ्रो एकही घेतला नाही. हे २ ब्लॉक लक्षात ठेवा.

दुसरी अडचण विजेची. शेतीची थ्री-फेज लाईन कधी दिवसा, कधी रात्री अशी पाळीनं येते आणि त्या आठवड्यात पाळी रात्रीची होती. आंबियाची फळं झाडावर बारीक होती. या दिवसांत पाण्याचा ताण बसला तर फळगळ होते, त्यामुळे ओलित चुकवून चालत नाही. रात्रभर वावरात राहायचं, मोटर सुरू झाली की ठिबकचे व्हॉल्व पाळीपाळीनं बदलायचे. वावरात नेटवर्क एकाच ठिकाणी लागतं, धुऱ्यावरच्या बाभळीखाली, तेही फोन वर धरला तर.

म्हणजे माहिती यायची वेळ पहाटे चारची, आणि त्या वेळी हा माणूस चिखलात.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता रात्री लाइनअप लावून देवावर सोडायचं. एनबीएच्या नियमानं संघांना दुखापतींचा अहवाल सामन्याच्या आदल्या दिवशी स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी पाचपर्यंत द्यावा लागतो. लागोपाठ दोन दिवस सामने असतील तर दुसऱ्या दिवसासाठी त्याच दिवशी दुपारी एकपर्यंत. ‘आउट’ (खेळणार नाही) आणि ‘डाउटफुल’ (बहुधा खेळणार नाही) असेल तर बसवता येतो, ‘प्रोबेबल’ बहुधा खेळतो. खरा घोळ ‘क्वेश्चनेबल’चा, म्हणजे खेळेल की नाही सांगता येत नाही त्याचा. नुसत्या पक्क्या खेळाडूंवर आठवडा काढायचा म्हटलं, तर मार्च महिन्यात निम्मा संघ बेंचवर बसतो.

दुसरा पर्याय, चार वाजता बाभळीखाली उभं राहायचं. एक दिवस जमतं. सहा दिवस नाही, कारण व्हॉल्व बदलायची वेळ आणि लाइनअपची वेळ एकमेकींना धरून चालत नाहीत.

तिसरा पर्याय घरातल्या कोणावर तरी सोपवायचं. पुतणी दहावीच्या अभ्यासाला पहाटे चारला उठत होती. थोरल्या भावाला हे अजिबात पटलं नाही. “पोरीचे पेपर सुरू हायेत. तुया खेळापायी तिले कायले उठबस?” तो म्हणाला. वहिनीनं मध्ये तोडगा काढला: पोरीची पाच मिनिटं, त्यानंतर फोन वहिनीजवळ. धाकट्यानं गटात सगळ्यांना विचारलं की असं चालेल का. मी कमिशनर म्हणून होकार दिला, अट एकच, निवड त्याची असली पाहिजे, घरच्यांनी फक्त बटण दाबायचं. मास्तरनंही हो म्हटलं.

चौथा पर्याय हा खरं तर पर्याय नाही, शिस्त आहे. तो कोणीही, कुठेही पाळावा. दहा जागांपैकी काही अरुंद असतात, तिथे एकाच प्रकारचा खेळाडू बसतो: पॉइंट गार्ड (चेंडू खेळवणारा), सेंटर (बास्केटजवळचा उंच खेळाडू). दोन ‘युटिलिटी’ जागा मोकळ्या असतात, तिथे कोणीही बसतो. नवखा माणूस नावं येतील तशी भरतो आणि युटिलिटीत पहाटे साडेचारचा खेळाडू बसवून ठेवतो. मग साडेसातच्या सामन्यातला गार्ड बाहेर झाला की बदली सेंटरला बसायला जागाच नसते, कारण मोकळी जागा तासन्‌तास आधी कुलूपबंद झालेली. लवकर खेळणारे अरुंद जागेत, उशिरा खेळणारे युटिलिटीत. एवढ्या एका सवयीनं हंगामात कितीतरी सामने वाचतात.

काय केलं

धाकट्यानं तिसरा आणि चौथा पर्याय एकत्र केला. वहीच्या पानावर चिठ्ठी लिहिली आणि फ्रिजवर चिकटवली. मी ती पाहिली आहे. वर तारीख, खाली चार ओळी: ४ वाजता उघडायचं, ४:२५ च्या आत बंद. लाल ‘आउट’ दिसेल त्यालाच हात लावायचा, पिवळ्याला (नक्की नसलेल्याला) नाही. गार्ड बाहेर असेल तर बेंचवरचा पहिला आणायचा, मोठा खेळाडू असेल तर दुसरा. दोन्ही बसत नसतील तर जागा रिकामी राहू द्यायची.

चिठ्ठीत बळ आहे ते दुसऱ्या ओळीत. ‘पिवळ्याला हात लावायचा नाही’ हा निर्णय त्यानं रात्रीच घेऊन ठेवला होता, म्हणजे पहाटे पोरीला विचार करावा लागणार नव्हता. बुधवारी पहाटे तिनं निरोप पाठवला: “काका, दुसऱ्या ओळीतला लाल झाला. चिठ्ठीवाला टाकला. झोपा आता.” काका तेव्हा व्हॉल्ववर होते. निरोप त्यांना सहाला दिसला.

शुक्रवारी, १४ तारखेला धुळवड होती. आदल्या रात्री होळीपाशी उशीर झाला आणि पोर झोपून राहिली. त्या पहाटे वहिनीनं एकटीनं सगळं केलं, एकही चूक न होता. तिला सडा-सारवणासाठी तसंही चारलाच उठायचं असतं. मला हे मागाहून कळलं.

आठवड्यात चार नवे खेळाडू घ्यायची मुभा असते. त्यातले दोन धाकट्यानं हलक्या दिवसांसाठी वापरले, आणि हे त्यानं फार चांगलं केलं. अमेरिकेतल्या बुधवारी आणि शुक्रवारी सहसा खूप सामने असतात. त्या दिवशी तुमचे बारा-तेरा जण खेळत असतात आणि जागा दहाच, म्हणजे चांगला खेळाडूही बेंचवर वाया जातो. हलक्या दिवशी तीन-चारच खेळतात आणि सहा जागा ओस पडतात. अशा दिवशी सामना असलेला साधा खेळाडूही पूर्ण एक सामना पदरात टाकतो. लाइनअप म्हणजे रोजच्या दहा नावांचा खेळ असं वाटतं, पण ती आठवड्याच्या रिकाम्या जागांची मशागत आहे.

शेवटचा दिवस

रविवारी, १६ मार्चला रात्री नऊ वाजता चित्र असं होतं. धाकट्याचे चार रकाने पक्के वाटत होते: फील्ड गोल, रिबाउंड, स्टील (५ नं पुढे) आणि टर्नओव्हर (६१ विरुद्ध ६८). मास्तरचे तीन पक्के: पॉइंट, थ्री-पॉइंटर, असिस्ट. दोन रकाने उघडे होते.

फ्री थ्रोमध्ये धाकटा ११२ पैकी ९२, म्हणजे ८२.१४ टक्के. मास्तर १२१ पैकी ९८, म्हणजे ८०.९९. ब्लॉकमध्ये धाकटा १७, मास्तर १९. धाकट्याला दोनपैकी एक रकाना हवा होता. ब्लॉकमध्ये नुसती बरोबरी झाली तरी एकूण ४-४ होऊन तोच पुढे जात होता.

धाकट्याकडे दोन खेळाडू उरले होते. एक गार्ड, फ्री थ्रो नव्वद टक्क्यांच्या आसपास, त्याचा सामना रात्री साडेदहाला. दुसरा सेंटर, फ्री थ्रो जेमतेम साठ टक्के, पण मागच्या दहापैकी सहा सामन्यांत २ किंवा जास्त ब्लॉक. त्याचा सामना सोमवारी सकाळी साडेसहाला. ज्यांना आकड्यांवरून माणूस दिसत नाही त्यांच्यासाठी: स्टीफन करी आणि रुडी गोबेर डोळ्यासमोर आणा. करीची कारकिर्दीतली फ्री थ्रोची सरासरी नव्वद टक्क्यांच्या वर. गोबेर चार वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरलेला, पण फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहिला की आपला जीव खालीवर होतो. माणसं ती नव्हेत, जात ती.

मास्तरकडे दोन गार्ड उरले होते, एकाचा सामना साडेदहाला, दुसऱ्याचा पहाटे साडेचारला. धाकट्यानं काहीच केलं नाही, तर मास्तरला पुढे जायला एकही न चुकवता ८ पैकी ८ फ्री थ्रो लागत होते (१२९ पैकी १०६, ८२.१७ टक्के). एक जरी चुकला तरी १४ पैकी १३ लागले असते.

पहिला निर्णय रात्री दहाला. गार्ड उतरवायचा का? धाकट्यानं हिशोब केला: ५ पैकी ४ मारले तर माझी टक्केवारी ८२.०५ होते, खाली येते. वर टर्नओव्हरही वाढतील. त्यानं गार्ड बसवला. मला फोन करून म्हणाला, “भाऊ, आहे ते राखतो.” मी काही बोललो नाही. कमिशनरनं बोलायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पुतणीचा दहावीचा शेवटचा पेपर. त्या पहाटे घरी कोणी फोनला हात लावायचा नाही, असं धाकट्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. तो स्वतः बाभळीखाली बसला.

मास्तरच्या पहिल्या गार्डनं ४ पैकी ४ मारले होते. दुसऱ्यानं सव्वासहापर्यंत ३ पैकी ३. म्हणजे मास्तर १२८ पैकी १०५, ८२.०३. अजून एक आत गेला की मास्तर ०.०३ टक्क्यांनी पुढे.

६:२५. सेंटर कुलूपबंद व्हायला पाच मिनिटं. मास्तरच्या गार्डच्या सामन्यात तीन मिनिटं बाकी, त्याचा संघ ४ पॉइंटनं पुढे.

इथे धाकट्यानं जो विचार केला तो मला आजही दाद देण्यासारखा वाटतो. त्यानं टक्केवारी सोडून सामना पाहिला. चार पॉइंटनं पुढे असलेल्या संघाचा चेंडू शेवटच्या दोन मिनिटांत चांगल्या फ्री थ्रोवाल्याच्याच हातात दिला जातो, कारण मागे पडलेला संघ मुद्दाम फाऊल करून घड्याळ थांबवतो. सामना एकतर्फी असता तर तोच गार्ड टॉवेल घेऊन बसला असता आणि सेंटर बेंचवर ठेवणं बरोबर ठरलं असतं. चुरशीत मात्र त्याला फ्री थ्रो मिळणारच. फ्री थ्रोचा रकाना गेला असं समजायचं आणि ब्लॉकसाठी जायचं. फोन वर धरून त्यानं सेंटर युटिलिटीत टाकला. ६:२८.

निकाल

मास्तरच्या गार्डनं शेवटच्या मिनिटात २ पैकी २ मारले. मास्तर १३० पैकी १०७, ८२.३१. धाकट्याचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. सेंटरनं मात्र एकच ब्लॉक केला आणि फ्री थ्रो २ पैकी १. ब्लॉक १८-१९. सामना ४-५ नं गेला.

गटात लगेच सुरू झालं: सेंटर कायले उतरवला? टक्केवारी कायले हातची घालवली? खरं तर सेंटर बेंचवर असता तरी धाकटा ८२.१४ वरच होता आणि मास्तर ८२.३१ वर. सेंटरमुळे काहीच गेलं नाही. पण सगळ्यांना शेवटचीच चाल दिसते.

वेगळं काय करता आलं असतं

सामना मंगळवारी पहाटे गेला होता. बेंचवर अडकलेल्या फॉरवर्डचे ते २ ब्लॉक धरले, तर धाकट्याचे शेवटी २० होतात, मास्तरचे १९. सेंटर बसवला असता तरी १९-१९, म्हणजे तरीही धाकटाच पुढे. मास्तरनं मग आपली लाइनअप वेगळी लावली असती हे खरं, पण त्या रविवारी त्याच्याकडे ब्लॉक करणारा कोणी उरलाच नव्हता. या चुकीत माझाही वाटा आहे. घड्याळ कधी बदलतं ते मला माहीत होतं आणि गटात एक निरोप टाकायला मला अर्धा मिनिट लागला असता. आता नोव्हेंबरच्या पहिल्या आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी तो निरोप मी टाकतो.

पुतणीचं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. तिचं काही बिघडलं नाही, पेपर चांगले गेले. तरी चिठ्ठी पहिल्या दिवसापासून वहिनीच्या नावानं हवी होती. चारला ती उठतेच, आणि धुळवडीच्या पहाटे तिनं ते करून दाखवलं. ती हे करू शकेल असं आमच्यापैकी कोणाच्याच मनात आलं नाही, याचं मला वाईट वाटतं. या हंगामात तीच पाहते.

धाकट्यानं बागेतल्या स्टार्टरच्या पेटीच्या झाकणाला आतून कागद लावला आहे: नोव्हेंबर ते मार्च साडेपाच, मार्चनंतर साडेचार. मोटर सुरू करताना तो रोज डोळ्यासमोर येतो.

राहिला तो गार्ड. बेंचवर बसून त्यानं त्या रात्री ५ पैकी ५ मारले. तो उतरवला असता तर ११७ पैकी ९७, ८२.९१ टक्के. पुढे सेंटरनं २ पैकी १ मारूनही ११९ पैकी ९८, म्हणजे ८२.३५ विरुद्ध ८२.३१. मी म्हणतो, हे नशिबाचं नव्हतं, आधीच दिसत होतं: ८२ टक्क्यांच्या संघात नव्वद टक्क्यांचा माणूस घातला तर संघ सरासरीनं वरच जातो. टर्नओव्हरला तर ७ ची जागा होती. पाचातला एक चुकेल या धाकानं त्यानं आपला सगळ्यात चांगला हात बांधून ठेवला. धाकटा म्हणतो, पुन्हा तीच रात्र आली तरी तो गार्ड बसवीनच, कारण मास्तरला आठच्या आठ मारायला लावणं हाच भक्कम डाव होता. “आठ पैकी आठ रोज होत नाही, भाऊ,” तो म्हणतो. त्या रात्री मास्तरच्या दोघांनी नऊपैकी नऊ मारले होते. यावर आम्ही दोघं अजून भांडतो.